कोथरूडचा फ्लॅट विकण्याआधी

चि. मनूस,


तुझ्या आईवडिलांच्या, म्हणजे ताई-दादांच्या, माघारी कोथरूडचा फ्लॅट विकायचं तुम्हा भावंडांचं ठरलं, हे कळलं. तू पाठवलेलं कोटेशनही नीट वाचलं. घरभर व्हिट्रिफाइड टाइल्स, मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सीलिंग. यातलं एकही काम करू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. चाळीस वर्षांचा फ्लॅट बघायला येणाऱ्याच्या मनात धास्ती असते ती ओलीची, वायरिंगची आणि कागदपत्रांची. पैसा तिथं घाल.

पण त्याही आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेट आणि रीडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय ते विचार. बिल्डर नेमण्यापर्यंत मजल गेली असेल, तर घेणारा नवीन इमारतीत किती कार्पेट एरिया मिळेल याचाच हिशोब करणार. मग घरात झाडझूड आणि साफसफाई यापलीकडे काही करायला नको. तसं काही नसेल, तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माग. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल हातात असला की गिऱ्हाइकाचे निम्मे प्रश्न मिटतात.

आता ओल. बाथरूमच्या पाठीमागची, बेडरूममधली भिंत आठवते ना? ताईंनी तिथं कपाट सरकवून ठेवलं होतं. ते हलव. खाली पांढरे क्षार फुलून आलेले दिसतील, रंगाला नख लावलंस तर पोपडा निघेल. त्यावर पुट्टी मारून रंग दिलास तर पहिल्या पावसातच डाग वर येईल, आणि सौदा पावसाळ्यात असेल तर तो मोडेल. पाणी कुठून येतंय ते आधी शोध. बाथरूमच्या टाइल्सवर लाकडाच्या दांड्यानं हलकं ठोकून बघ. जिथं पोकळ आवाज येईल तिथं खाली पाणी मुरत असू शकतं असं समज. त्या काळच्या इमारतींत बाथरूमखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो आणि तो आतल्या आत पाणी धरून ठेवतो. जुने जी.आय. पाइपही आतून गंजलेले असणार. बाथरूम एकदाच उघडायचं, पाइप सीपीव्हीसीचे घालायचे, वॉटरप्रूफिंग करायचं आणि टाइल्स बसवण्याआधी पाणी साठवून चाचणी घ्यायची. पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक ड्रेनेज पाइपमधून येत असेल, तर ती दुरुस्ती उपविधींप्रमाणे सोसायटीची. तसा लेखी अर्ज दे, पोच घे. भिंत पुरती वाळल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नकोस. त्याला घाई असते, आपल्याला नसावी.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घे. मीटरजवळ अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. ते जाऊन एमसीबी आणि आरसीसीबी यायला हवेत, अर्थिंग तपासायला हवं. एसीला स्वतंत्र लाइन नसेल तर तीही आत्ताच ओढून घे.

फरशीला मात्र हात लावू नकोस. ते मोझॅक फार चांगलं आहे. वर्षानुवर्षांच्या फिनाइलनं आणि पावलांनी मंद पडलंय, एवढंच. मशीन पॉलिश करून घेतलंस तर संगमरवराची खडी पुन्हा उठून दिसेल, आणि नव्या फरशीपुढे हा खर्च किरकोळ आहे. फुटलेल्या दोन-चार फरश्यांसाठी माळ्यावर बघ, दादांनी जादाच्या फरश्या नक्की ठेवल्या असतील. सागवानी दारांवरचा ऑइलपेंट खरवडून पॉलिश कर. असं लाकूड आज परवडत नाही, घेणाऱ्यालाही ते कळतं. रंग सगळीकडे एकच, फिकट. किचनमध्ये कडाप्प्याचा ओटा घासून स्वच्छ कर, सिंक आणि नळ बदल, बस्स. ओटा कसा हवा हे नव्या घरातली बाई ठरवेल. तुझं चार लाखांचं किचन ती तोडूनच टाकेल.

कागदांकडे तुम्ही कुणी पाहिलेलं दिसत नाही, त्याची मला जास्त काळजी आहे. नॉमिनेशन तुझ्या नावाचं असलं तरी तू मालक होत नाहीस. वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. तेव्हा तिघा भावंडांची नावं शेअर सर्टिफिकेटवर आणि मिळकतकराच्या बिलावर लावून घ्या, किंवा दोघांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्या. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का, तेही सेक्रेटरींना विचार.

कामाची बिलं जपून ठेव, पैसे बँकेतूनच दे. घर २००१च्या आधीचं असल्यामुळे करासाठी १ एप्रिल २००१ची किंमत धरता येते. त्यासाठी व्हॅल्युअरचा अहवाल घे. तुम्ही तिघंही इथलेच रहिवासी असल्यानं १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशन धरून २० टक्के, यांत जो कर कमी बसेल तो भरायचा. पाइप-वायरिंगसारखी कायमची सुधारणा खर्चात धरता येऊ शकते, नुसता रंग सहसा नाही. सीएला विचारूनच पुढं जा.

प्लंबर कोणत्या दिवशी येणार ते कळव. मी येईन. ओल वरून येतेय असं निघालं आणि वरच्या मजल्यावरच्यांशी बोलायची वेळ आली तर मीच बोलतो, त्यांची-माझी जुनी ओळख आहे.

तुझा,
मामा