चहाचे पैसे कोणी द्यायचे?

तुर्कस्तानातल्या कॉफीखान्यांत ‘ओके’ नावाचा खेळ रंगतो. आपल्या रमीचा मावसभाऊच. फक्त पत्त्यांऐवजी सोंगट्या. चार रंग, एक ते तेरा आकडे, प्रत्येकी दोन-दोन, वर दोन तोतये जोकर, एकूण १०६. चौघे बसतात आणि बहुधा हरणारा चहा पाजतो.

आता लोकांना हाच खेळ मोबाईलवर हवा, तोही इंटरनेटशिवाय. म्हणजे भिडूच नकोत! मीही परवा उतरवून घेतला. हरतोयसं दिसताच तीन डाव गुपचूप बंद केले. चौथा जिंकलो आणि केवढ्यांदा ओरडलो!

“किती हरलात?” हिनं विचारलं.

“ते मोजत नाही.”

बँकेत बावीस वर्षं पैशापैशाचा मेळ घालणारा मी!

तसं फसवलं कुणाला? यंत्राला लाज ना दुःख. तरी झोप लागेना. मग उमगलं : समोरचे तिघे नुसते हरवायला नसतात, आपण हरू लागलो की उठू द्यायचं नाही, हेही त्यांचंच काम. एकट्यानं खेळताना ते आपल्यालाच करावं लागतं.

सकाळी उठून चहा केला. “तीन डावांची फेड,” म्हटलं.

ही घोट घेऊन म्हणाली, “अहो, साखर विसरलात.”

म्हणजे चौथाही हरलो.