दोन्ही लेकरांची आई

वाचन: उत्पत्ती ४:१-१६



घरे आशीर्वादित करीत आम्ही वाडीत फिरत होतो. एका घरी प्रार्थना संपली, तरी आई उभीच राहिली. धाकट्या मुलीच्या दंडावर दातांचे व्रण होते. नऊ वर्षांचा थोरला पलंगाखाली शिरून बसला होता. वडील म्हणाले, "मार कमी पडतो याला." शेजारीण म्हणाली, "कोणाची तरी नजर लागली." आई मात्र हळूच म्हणाली, "फादर, राग आला की हा बहिणीवर तुटून पडतो, मग स्वतःच तासभर रडतो. तिची बाजू घेतली तर म्हणतो, मी तुझा कोणी नाही. याला जवळ घेतलं तर ती नुसती बघत राहते. मी नेमकी कोणाची आई व्हायचं?"

आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. रात्री आम्ही काइन आणि हाबेल यांची कथा पुन्हा वाचली.

त्या कथेतला खून आपल्या लक्षात राहतो. खुनाच्या आधी देव काइनाशी बोलला, हे आपण विसरतो. काइनाचा उतरलेला चेहरा देवाला दिसला. त्याने रागाचे कारण विचारले, पाप दाराशी टपले आहे असे बजावलेही. पुढे हाबेलाच्या रक्ताचा आक्रोश त्याने ऐकला, काइनाला शिक्षा केली, आणि त्याच काइनाला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण केली. देवाने दोघांतला एकही टाकला नाही.

तरीही अशा लेकराला कोणी काइन म्हणू नये. मानसिक कारणांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, नाहीशीही होऊ शकते, असे १९९२ चा कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १७३५) सांगतो. मुलांमधले नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते.

म्हणून आईबाबांनो, आधी चेहरा पाहू या. भूक, अपुरी झोप, शाळेतला अपमान तिथे दिसतो. हात उचलला गेलाच, तर प्रथम दुसऱ्या लेकराला खोलीबाहेर नेऊ या. त्या क्षणी उपदेश नको, पट्टा तर नकोच. शांत झाल्यावर बोलू या आणि बहिणीची क्षमा मागायला शिकवू या, कारण त्रास खरा असला तरी मारण्याची मुभा कोणालाच नाही. मार खाणाऱ्या लेकराला "तूच समजून घे" एवढेच सांगून सोडू नये. रोज थोडा वेळ केवळ त्याचा असावा.

असे वारंवार घडत असेल, कोणाला इजा होत असेल किंवा मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. वैद्यालाही देवानेच नेमले आहे, असे बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय शिकवतो. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या आईला उत्तर दिले: दोन्ही लेकरांची आई, पण एकटीने नव्हे. हे 'एकटीने नव्हे' खरे करणे आपणा सर्वांच्या हाती आहे. मिस्साच्या वेळी एखादे मूल ओरडले, तर माना वळवून पाहू नये. एखाद्या संध्याकाळी त्या धाकटीला आपल्या घरी खेळायला बोलवावे, म्हणजे तिच्या आईला थोरल्याजवळ निवांत बसता येईल.

प्रार्थना: हे प्रभो, उतरलेला चेहरा ओळखणारी तुझी नजर आम्हांला दे. मारणाऱ्या आणि मार खाणाऱ्या, दोन्ही लेकरांना तुझ्या पंखाखाली ठेव. आमेन.