हाताला मुभा आहे

सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत दोन पोरं बसली होती. अकरावी-बारावीतली असावीत. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, शेंगदाण्याची पुडी दोघांत एकच, आणि बोलता बोलता एक जण दुसऱ्याची करंगळी उगाच पिळत होता. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणी वळून पाहिलं नाही. गळ्यात हात टाकून हिंडणारे दोस्त आपल्याकडे कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. मुलगा-मुलगी तशी बसली असती तर अख्खा स्टँड पंच होऊन बसला असता.

ते नुसते दोस्त असतील. बहुधा असतीलच. मला मात्र अ‍ॅलिस ओसमनची 'हार्टस्टॉपर' आठवली. इंग्लंडमधल्या शाळेतल्या चार्ली आणि निक या दोन मुलांची ही चित्रकथा. 2022 मध्ये तिची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि आपल्याकडच्या पोरांनीही ती मोबाइलवर पाहिली. त्यात एक प्रसंग आहे. चार्ली झोपलाय, निक आपला हात त्याच्या हातापाशी नेतो आणि तिथेच अडखळतो. मधल्या त्या बोटभर अंतरात सगळी कथा मावली आहे. सौंसरला हा प्रसंग साफ पडेल. इथे हात धरायला कोणाची ना नाही.

इथे अडतं ते शब्दापाशी. 2023 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, सौंसर त्यात आलं, पण पोरांचा भाषेचा संसार होता तसाच राहिला: घरी मराठी, शाळेत बहुतेकांची हिंदी. मुलावर जीव जडलेल्या मुलासाठी घरच्या भाषेत 'बायल्या', शाळेच्या भाषेत 'मीठा', आणि 'छक्का' दोन्हीकडे. स्वतःला काय वाटतं हे कळायच्या आधी त्याला दोन भाषांतल्या शिव्या पाठ असतात. 'समलिंगी' हा शब्द वर्तमानपत्रात भेटतो, तोही बहुधा कोर्टाच्या बातमीत. आईशी बोलताना तो कोण वापरणार? उरतो 'गे', मोबाइलमधून आलेला. निदान त्याला शिवीचा वास कमी.

म्हणून इथली कादंबरी कोणी लिहिलीच, तर तिचा कळसाचा प्रसंग स्पर्शाचा नसेल. एक वाक्य असेल. आणि ते कोणाला सांगायचं, हा तिचा खरा पेच.

आपल्या लेखकांना हे आधीच उमगलं असावं. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगभूमीवर आलं. सुमित्रा ऊर्फ मित्रा या कॉलेजातल्या मुलीचं मुलीवर प्रेम. पण ती गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. त्याच्यापाशी ती बोलते, तो ऐकतो, आणि ऐकणं पुरत नाही. पुढे हिमांजली संकर यांची 'टॉकिंग ऑफ मुस्कान' आणि पायल धर यांची 'स्लाइटली बर्न्ट' या दोन्ही इंग्रजी किशोर कादंबऱ्या 2014 मध्ये आल्या. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम पुन्हा जागं केलं होतं, ते 2018 पर्यंत तसंच राहिलं; त्या काळातली ही पुस्तकं. मुस्कानची गोष्ट तिच्या वर्गातली तीन मुलं सांगतात. 'स्लाइटली बर्न्ट'मध्ये साहिल जे सांगतो ते आपल्यापर्यंत येतं त्याची मैत्रीण कोमल हिच्या तोंडून. तिन्ही ठिकाणी निवेदन ऐकणाऱ्याकडे आहे. याला कोणी लेखकाचा संकोच म्हणेल. मला तसं वाटत नाही. सांगणाऱ्याचं धाडस एका संध्याकाळचं असतं. ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाकावर जाऊन बसायचं असतं, आणि खांद्यावर हात टाकायचा की नाही हे आता पहिल्यांदाच ठरवायचं असतं. करंगळी पिळणाऱ्या त्या पोराला ते किती जड जाईल!

मराठीत सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (2006) आहे, तिथे तनय स्वतः बोलतो. पण ते मोठ्यांच्या कपाटातलं पुस्तक. चौदा वर्षांच्या पोराच्या हाती द्यावं असं मराठी पुस्तक कोणी मागितलं तर मी अजूनही घुटमळतो.

प्रेमाची एक जुनी गोष्ट मात्र या भागात आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते. पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आख्यायिका सगळ्यांना ठाऊक: पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, नदी ओलांडताना दोघांवर दगड पडले. मुलगा-मुलगी असूनही.

या गोष्टीत मुलगा आहे, मुलगी आहे, दोन गावं आहेत. ऐकणारा मित्र नाही. पण दोघांचं ठरलं होतं, म्हणजे या काठाचा निरोप त्या काठाला कोणीतरी नेत असणार. पाण्याला कुठे उतार आहे हेही त्यानेच सांगितलं असेल. दगड सुरू झाले तेव्हा तो कोणत्या काठावर होता, हे आख्यायिका सांगत नाही.