अभिप्राय देण्याघेण्याची शिस्त

अभिप्राय देणे आणि तो ऐकून घेणे या दोन्ही गोष्टी शिकाव्या लागतात. अमेरिकेत या शिक्षणाची एक महत्त्वाची सुरुवात १९४६ च्या उन्हाळ्यात झाली. कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी वांशिक व धार्मिक पूर्वग्रहांविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे शिबिर घेतले होते. रात्री निरीक्षक दिवसभराच्या गटचर्चांच्या नोंदी आपसांत तपासत. एकदा काही शिबिरार्थीही तिथे येऊन बसले. स्वतःच्या वागण्याचे वर्णन ऐकून एका महिलेने ते अमान्य केले आणि घडले ते आपल्या बाजूने सांगितले. लेविन यांना हा अडथळा वाटला नाही. नोंद करणारा आणि ज्याची नोंद झाली तो समोरासमोर आले की दोघेही शिकतात, हे त्यांनी ओळखले. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मेन राज्यातील बेथेल येथे सहकाऱ्यांनी या पद्धतीचे प्रशिक्षण सुरू केले.

अभिप्राय मिळाला की काम सुधारतेच, हा समज मात्र खरा नाही. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये जुन्या संशोधनांतील ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. त्यांनी दिलेली मीमांसा अशी : लक्ष कामावरून ढळून 'मी कसा आहे' या प्रश्नाकडे गेले की अभिप्रायाचा उपयोग घटतो. हा धोका निंदेत असतो तसाच व्यक्तीच्या स्तुतीतही असतो.

म्हणून चांगल्या पद्धती लक्ष कामावर टिकवून धरतात. कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथे अमेरिकी लष्कर सरावानंतर आढावा घेते. काय व्हायचे होते, प्रत्यक्षात काय झाले, तसे का झाले आणि पुढच्या वेळी काय करायचे, हे चार प्रश्न तिथे विचारले जातात. अधिकारी आणि शिपाई एकत्र बसतात, आणि वरिष्ठाचा निर्णयही चर्चेत येतो. दोषी शोधणे हा या आढाव्याचा हेतू नसतो.

कलेच्या क्षेत्रात नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये चार टप्प्यांची पद्धत बांधली. आधी प्रेक्षक आपल्याला काय भिडले ते सांगतात. मग कलाकार आपले प्रश्न विचारतो. तिसऱ्या टप्प्यात प्रेक्षक प्रश्न विचारतात, पण त्यांत मत दडलेले चालत नाही : 'इतके लांबवले कशाला?' असे न विचारता 'या प्रवेशाची लांबी कशी ठरली?' असे विचारायचे. मत शेवटी येते, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. टीका इथे सौम्य होत नाही. ती ऐकण्याची तयारी आधी होते.

घेणाऱ्याच्या बाजूचा विचार डग्लस स्टोन आणि शीला हीन यांनी २०१४ च्या पुस्तकात केला. अभिप्राय तीन प्रकारचा असतो : कौतुक, मार्गदर्शन आणि मूल्यमापन. कौतुकाची अपेक्षा असताना मूल्यमापन वाट्याला आले, तर रास्त शब्दही बोचतात. त्यामुळे कोणता अभिप्राय हवा आहे हे आधीच सांगणे दोघांच्याही हिताचे. अभिप्राय झिडकारण्याची कारणेही तीन : तो चुकीचा वाटतो, सांगणारा पटत नाही, किंवा स्वतःच्या प्रतिमेला धक्का बसतो. नेमके कोणते कारण आड येते हे ओळखता आले की सांगणारा नावडता असूनही त्याच्या म्हणण्यातले खरे वेगळे काढता येते.

पटण्याचा हा प्रश्न शाळेत फार तीव्र असतो. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांच्या शेऱ्यांसह परत दिले गेले. काहींना सोबत चिठ्ठी होती : अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील याची खात्री आहे, म्हणून हे शेरे. इतरांच्या चिठ्ठीत फक्त शेरे दिल्याचा उल्लेख होता. कृष्णवर्णीय मुलांत साध्या चिठ्ठीनंतर १७ टक्क्यांनी निबंध सुधारून दिला, विश्वासाच्या चिठ्ठीनंतर ७२ टक्क्यांनी. शेरे कठोरच होते. ते का दिले, हे मुलांना कळले होते. अभिप्राय देणाऱ्याने अपेक्षा उंच ठेवावी आणि समोरच्याच्या क्षमतेवरचा विश्वास स्पष्ट बोलून दाखवावा. यातले एकही गाळून चालत नाही.