रुजू होणे

माणूस नोकरीवर ‘रुजू’ होतो, हा शब्द दप्तरातला. बी ‘रुजते’, हा मातीतला. दोघांचे कूळ निराळे, पण कानाला ते सख्खे वाटतात. दिवाळीच्या सुमारास माढ्याच्या शिवारात शाळू नुकता वर आलेला असतो. त्या कोवळ्या पिकात जनावर शिरले तर शेतकरी जीव टाकून धावतो. नव्या नोकराविषयी मात्र ‘सोसायला शिकले पाहिजे’ असे आपण सहज म्हणून जातो.

याच माढा तालुक्यातील कुर्डू गावी २०२५ सालच्या ऑगस्टअखेरीस मुरमाच्या बेकायदा उपशाच्या तक्रारीवरून करमाळ्याच्या पोलीस अधिकारी अंजना कृष्णा कारवाईस गेल्या होत्या. मूळच्या केरळच्या, सेवेत नवख्या. तेथे एका कार्यकर्त्याने आपला फोन त्यांच्या हाती दिला; पलीकडे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार होते. कारवाई थांबवा, असे त्यांनी सांगितले. आवाज ओळखीचा नव्हता; ‘माझ्या फोनवर बोलावे’ असे बाई म्हणाल्या, तेव्हा त्यांनाच दरडावण्यात आले. ते दृश्य महाराष्ट्रभर पाहिले गेले. कायद्याच्या कामात ढवळाढवळ करण्याचा हेतू नव्हता, वातावरण चिघळू नये एवढेच पाहावयाचे होते, असा खुलासा पवारांनी पुढे केला.

हेतूचा निवाडा येथे करावयाचा नाही. मंत्री हा पोलिसाचा थेट साहेबही नव्हे. पण नवख्याला वरून आलेला प्रत्येक आवाज साहेबाचाच वाटतो. बाईंच्या विनंतीत कामाची साधी रीत होती : हुकूम ज्याचा, त्याच्या नावावर तो असावा. प्रश्न असा, की रीत पाळणाऱ्याला दरडावले गेले, तर पाहणारे शेकडो नवे नोकर काय शिकतात?

वरिष्ठाने रागावूच नये, असे कोण म्हणेल? चुकलेला आकडा दाखवून रागावणाऱ्या हेडक्लार्कच्या हाताखाली माणूस शहाणा होतो. कारण तो राग आकड्यावर असतो. ‘तुझी ही हिंमत?’ या प्रश्नात आकडाच नसतो. त्यातून एकच धडा मिळतो : दप्तर पाहू नको, साहेबाचे तोंड पाहा. मग माणूस चूक झाकतो, शंका गिळतो, आणि पुढे खुर्ची मिळाली की तोच धडा दुसऱ्याला देतो.

‘आम्हीही सोसलेच की!’ हे उत्तर आपल्या घरांना परके नाही. जिने सासुरवास सोसला तिनेच पुष्कळदा तो सुनेला दिला, आणि त्याला वळण लावणे म्हटले. सोसून शहाणपण येते खरे. पण ते सोसणाऱ्याच्या अंगचे असते, छळणाऱ्याची ती पुण्याई नव्हे.

या दिवाळीत पुण्या-सोलापुरात नोकरीला लागलेली मुले घरी येतील. फराळ करताना आपण पगार विचारतो, रजा विचारतो. ‘काही चुकले तर साहेबांना सांगता येते का रे?’ हेही विचारावे. मूल गप्प राहिले, तर तेच उत्तर समजावे. आणि आपल्या हाताखाली कुणाची मुले असतील, तर तीही आज कुठेतरी अशाच ताटावर बसली आहेत, एवढे ध्यानी असावे.