व्याजाचा पैसा, निळं छत

इटलीतल्या पादुआ गावी गेलात तर स्क्रोवेन्यी चॅपेल बघाच. भित्तिचित्रांना बाहेरच्या हवेचा त्रास नको म्हणून आधी पंधरा मिनिटं बंद खोलीत बसवतात, मग आत सोडतात. वर निळं छत, त्यात सोनेरी तारे; भिंतीभर जोत्तोची चित्रं. काम १३०५च्या सुमाराचं.

बांधणारा एन्रिको स्क्रोवेन्यी, सावकाराचा मुलगा. बाप रेजिनाल्दो व्याजापायी इतका बदनाम, की दांतेच्या काव्यातल्या नरकातला एक सावकार तोच, असं मानतात. बापाचं पाप फिटावं म्हणून मुलानं हे बांधलं, असं सांगतात.

दारावरच्या भिंतीवर अंतिम निवाडा आहे. एन्रिको गुडघे टेकून चॅपेलची प्रतिकृती मेरीला अर्पण करतोय. आणि त्याच भिंतीवर नरकात सावकार आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनी लटकलेत! पैसे देणाऱ्यानं हे काढू दिलं, याचंच मला नवल. बाजूच्या भिंतीवर दानाची मूर्ती, तीही पैशाच्या थैल्या पायाखाली घेऊन उभी.

आपल्या पंचकल्याणकात बोली लागते, तेव्हा पैसा कुठला हे कोण विचारतं हो? पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात श्रावकाचे गुण सांगताना पहिलं काय सांगितलं, तर न्यायानं मिळवलेलं धन. मला वाटतं, ज्याचं घर व्याजात गेलं त्याचं त्याला आधी परत द्यावं, मग देवाला. ऋणकोला निळ्या छताचा काय उपयोग?

पण सगळं परत दिलं असतं, तर जुडासच्या पिवळ्या झग्यात वेढलेल्या येशूची ती स्थिर नजर कुठं दिसली असती? असं म्हणायला माझं काय जातं म्हणा. घर माझं बुडालं नव्हतं.