रेषेबाहेरचा रंग

परवा दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. जुन्या वह्या नि लग्नपत्रिका निघतील म्हणून उघडली, तर वर्तमानपत्राच्या घडीखाली इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा. वेताळ, मँड्रेक, आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींनी आणलेला आपल्या मातीतला बहादूर. पानं चहाच्या रंगाची झालेली, पिना गंजलेल्या. मी तिथंच शिडीच्या पायरीवर बसलो आणि जेवणाची हाक येईपर्यंत उठलो नाही.

सुटीला आलेला नातू खांद्यावरून पाहत होता. त्याच्या चित्रकथा पडद्यावरच्या, काचेसारख्या स्वच्छ. त्यानं वेताळाच्या कोपरावर बोट ठेवलं. जांभळा रंग रेषेबाहेर सांडला होता आणि आतल्या बाजूला पांढरी फट राहिली होती.

"आजोबा, हे चुकलंय ना? मग तुम्हांला एवढं काय आवडतंय?"

प्रश्न सोपा होता. उत्तर दोन दिवस सापडेना.

चुकलं होतं हे खरंच. त्या काळी रंगीत चित्र चार वेळा छापलं जाई : पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. कागद केसभर सरकला की रंग एकीकडे, रेषा दुसरीकडे. अमेरिकन कॉमिक्समध्ये तिन्ही रंगांच्या फिकट, मध्यम आणि गडद छटा ठिपक्यांनी साधत. रंग न देण्याची सोय धरून चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे अवघ्या ६४ छटांत सगळं जग बसवायचं. कागद वर्तमानपत्री. त्यातल्या लाकडाच्या लगद्यात लिग्निन राहतं, ते उजेडानं नि हवेनं पिवळं पडतं. आपण ज्याला जुन्याची ऊब म्हणतो, ती बरीचशी स्वस्ताई आहे.

पण या स्वस्ताईनं नायकसुद्धा घडवले. १९६२ साली हल्क पहिल्यांदा आला तेव्हा तो राखाडी होता. ती छटा पानोपानी वेगळी उमटू लागली, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला, तो आजवर. ली फॉक यांनी १९३६ मध्ये वेताळ निर्माण केला, तेव्हा त्यांच्याही मनात राखाडी पोशाखच होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. घनदाट जंगलात लपून राहणाऱ्या माणसानं जांभळे कपडे का घालावेत, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. आमच्याकडे तर त्याला नावही असं मिळालं की तो परका वाटलाच नाही. गोव्या-कोकणात वेताळाची देवळं आहेत.

तेव्हा नातवाला मी म्हणालो, "चुकलंय, पण त्या चुकीनं कुणाचं काही बिघडलं नाही. कुणीतरी घाईत, आपल्यासारख्याच हातांनी छापलं, एवढंच ती सांगते." त्याला ते पटलं. मला मात्र पुरतं पटलं नाही, कारण तोवर मी कथाही पुन्हा वाचल्या होत्या.

कथेत काय आहे? १५३६ पासून एकाच गोऱ्या घराण्याचे एकवीस पुरुष एकामागून एक जंगलाचं रक्षण करतात. तिथल्या टोळ्यांचं भांडण त्यांच्यावाचून मिटत नाही. लहानपणी आम्ही सगळे त्या मुखवट्याच्या आत असायचो. भोवती हात जोडून उभ्या असलेल्या माणसांशीच आपलं नातं अधिक जवळचं, हे ध्यानात यायला केस पिकावे लागले. मँड्रेकचा सोबती लोथार सुरुवातीच्या काळात बिबट्याचं कातडं पांघरून मोडकंतोडकं बोलणारा नोकर होता. हीसुद्धा चूकच, पण हिनं बिघडलं. कुणाला कमी लेखण्याची सवय ती वाचणाऱ्याच्या हाडीमाशी खिळवते.

पिवळ्या कागदाची गंमत अशी की तो दोन्ही चुकांना एकच रंग देतो. आठवणींचा उमाळा आला की सांडलेला रंगही गोड आणि हात जोडून उभी माणसंही गोड. म्हणून ही पानं फाडावीत का? पुनर्मुद्रणात खाडाखोड करावी का? मला नाही वाटत. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स मँड्रेक काढू लागले, त्यानंतर लोथार नीट बोलू लागला, त्याचा वेश बदलला, तो मित्र झाला. जुनी पानं कुणी जाळली नाहीत. पुढची पानं वेगळी काढली. मुलाशेजारी बसून जुनं वाचावं आणि जिथं बोलायला हवं तिथं बोलावं, हा मार्ग मला बरा वाटतो.

इथवर मी दुसऱ्यांच्या चुका तोलत होतो. गठ्ठ्याच्या तळाशी कानडी अंक निघाला. त्यावर शेंदरी पेन्सिलीनं कानडी अक्षरांत माझ्या शेजारच्या मित्राचं नाव. शहापुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. एकच गोष्ट तो कानडीत वाचायचा, मी मराठीत. चित्रं तीच, फुगे वेगळे. दोन्ही अंक शेजारी मांडून मी कानडी अक्षरं लावायला शिकलो नि तो मराठी. एकदा भांडण झालं, कशावरून ते आठवत नाही. तेवढ्यात त्याच्या वडिलांची बदली झाली आणि त्याचा अंक माझ्याकडे राहिला. राहिला कसला, मी ठेवला. त्यानं दोनदा मागितला होता.

इतकी वर्षं मी त्याला 'बालपणीचा ठेवा' म्हणत आलो. या ठेव्याचं खरं नाव उधारी.

तो आता धारवाडला असतो. फोन केला. त्याला अंक आठवेचना. "राहू दे की रे तुझ्याकडंच, आता कशाला?" म्हणाला. धनको विसरला म्हणून कर्ज फिटतं का? कायद्यात मुदत असते; मनाच्या वहीत तशी सोय मला दिसली नाही. छपाईतली चूक जपावी, कथेतली चूक उघड बोलावी, पण स्वतःची चूक हातात असेल तर ती परत करावी. तिला पिवळ्या कागदाची ऊब मागू नये.

पाडव्याला धारवाडला जायचं ठरलं आहे. अंक खाकी कागदात बांधायला घेतला, तेव्हा नातवानं हात धरला. त्यानं मराठी अंक शेजारी मांडला होता आणि वहीत कानडी अक्षरं उतरवत होता.

"आजोबा, दोन दिवस थांबा ना. माझी अजून चार पानं राहिलीत."